मार्डी ग्राच्या सुट्टीत शहर सोडू नका : न्यू ऑर्लीन्सला नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

जानेवारी उजाडला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच चर्चा सुरू होते : मार्डी ग्राच्या सुट्टीत कुठे जायचं? विद्यापीठांना सोमवार-मंगळवार सुट्टी, बरीचशी ऑफिसंही बंद, शनिवार-रविवार धरून सलग चार दिवस हाताशी येतात. मग कुणी ऑर्लँडोची तिकिटं शोधतं, कुणी ह्यूस्टनच्या नातेवाइकांकडे निघतं. कारणं ठरलेली असतात : रस्ते बंद, गर्दी, दारू, गोंगाट, गाडी लावायला जागा नाही. जे मागे राहतात ते एखाद्या संध्याकाळी बर्बन स्ट्रीटला चक्कर मारतात, गळ्यात माळा घालून फोटो काढतात आणि ‘पाहिला कार्निव्हल’ म्हणून मोकळे होतात.

मला तुम्हाला दुसरंच काही सुचवायचं आहे. थांबा, आणि कामाला या. ज्या शहरात तुम्ही दोन-चार वर्षं काढणार आहात ते शहर वर्षातून एकदा सगळंच्या सगळं रस्त्यावर येतं. त्याच वेळी तुम्ही गाव सोडलंत, तर पदवी घेऊन परत जाताना तुमच्या ओळखी वर्ग, प्रयोगशाळा आणि आपला गट यापलीकडे गेलेल्या नसतील. अशी गुणी, कामसू मुलं मी इथे खूप पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. मार्डी ग्रा म्हणजे एक मंगळवार नव्हे. हंगाम ६ जानेवारीला सुरू होतो आणि अ‍ॅश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आदल्या मंगळवारी संपतो. तो मंगळवार ईस्टरवर अवलंबून असल्यामुळे कधी ३ फेब्रुवारीइतका लवकर, तर कधी ९ मार्चइतका उशिरा येतो. शेवटच्या दोन आठवड्यांत मिरवणुकांची रीघ लागते. बहुतेक मोठ्या मिरवणुका अपटाउनमधून निघतात, सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूने कनाल स्ट्रीटपर्यंत जातात. बर्बन स्ट्रीटवर मोठे फ्लोट, म्हणजे चित्ररथ, १९७० च्या दशकापासून जातच नाहीत, त्या अरुंद गल्लीत ते मावणारही नाहीत. पर्यटक जिथे गर्दी करतात तिथे शहराचा कार्निव्हल नसतो. तो सेंट चार्ल्सच्या ओक वृक्षांखाली असतो. तिथे तीन-तीन पिढ्या वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि लहान पोरांना शिडीच्या टोकाला ठोकलेल्या लाकडी आसनात बसवतात.

मिरवणूक काढतात त्या मंडळांना इथे क्र्यू म्हणतात. कोमस १८५७ चा, रेक्स १८७२ चा, झुलू १९०९ पासूनचा. मिरवणुकीवर कुठल्याही कंपनीची जाहिरात लावायला शहराच्या कायद्याने बंदी आहे. खर्च सभासद स्वतःच्या वर्गणीतून करतात आणि फ्लोटवरून फेकल्या जाणाऱ्या माळा, पेले, खेळणीही बहुतेक जण स्वतःच्या पैशांनी आणतात. पोलीस आणि साफसफाई महापालिकेची. बाकी सगळं लोकांचं. मंडळाची पावती फाडण्यापासून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्य उचलण्यापर्यंत ज्यांनी राबून पाहिलं आहे, त्यांना या व्यवस्थेचा जीव कशात आहे ते सांगावं लागणार नाही. म्हणूनच मी हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

आता काम कुठे आहे ते सांगते.

या शहराचा निम्म्याच्या आसपास भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. पावसाचं पाणी आपसूक वाहून जात नाही. रस्त्याकडेच्या जाळीतून ते भूमिगत गटारात उतरतं, तिथून कालव्यात, आणि मग पंपांनी उचलून बहुतांशी लेक पाँचरट्रेनमध्ये टाकावं लागतं. ऑगस्ट २०१७ मध्ये मुसळधार पाऊस झाला, काही पंप आणि त्यांना वीज पुरवणारी यंत्रणा बंद होती, आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. त्यानंतर महापालिकेने गटारांच्या तोंडाशी साचलेला गाळ तातडीने काढायला घेतला. २०१८ च्या जानेवारीत आकडा जाहीर झाला : सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूच्या फक्त पाच ब्लॉकमधून ९३,००० पौंड, म्हणजे सुमारे ४२ टन मार्डी ग्राच्या माळा निघाल्या होत्या. पाच ब्लॉक म्हणजे काही मिनिटांची पायपीट.

तुमच्यातले बरेच जण मिड-सिटीत किंवा ब्रॉडमूरकडे भाड्याने राहतात. जोराच्या पावसाचा इशारा आला की शेजारी आपल्या गाड्या रस्त्याच्या मधल्या उंच हिरव्या पट्टीवर, म्हणजे न्यूट्रल ग्राउंडवर, नेऊन लावतात हे तुम्ही पाहिलं असेल. फेब्रुवारीत लोक अशाच पट्टीवर उभं राहून हात वर करून माळा मागतात. त्यातल्या ज्या हातातून निसटतात, तुटतात, पायाखाली येतात, त्या गटाराच्या जाळीपर्यंत पोचतात आणि उन्हाळ्यातलं पाणी अडवतात. हल्ली मिरवणुकीच्या मार्गावरच्या गटारांच्या तोंडाशी महापालिका अडथळे बसवते. ते उपयोगी आहेत, पण ते फक्त माळ आत जाऊ देत नाहीत. बाहेर राहिलेली माळ कुणीतरी उचलावीच लागते.

माझा स्वतःचा जीव रमतो तो माळा निवडण्याच्या कामात. आर्क ऑफ ग्रेटर न्यू ऑर्लीन्स ही संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी काम करते. हंगामानंतर लोक घरातल्या माळा तिच्याकडे आणून देतात. त्या निवडून, नव्याने बांधून पुढच्या वर्षीच्या फ्लोटवाल्यांना विकल्या जातात. निवडणीचं काम करणाऱ्यांत संस्थेतल्या या व्यक्ती पगारी कामगार म्हणून असतात आणि स्वयंसेवक त्यांच्या हाताखाली मदतीला.

हाताखाली हा शब्द मी विचार करून वापरला आहे. टेबलावर माळांचा ढीग ओततात तेव्हा तो एकसंध गोळा असतो : बियरचा आंबूस वास, मध्येच कुणाचा हातमोजा, पिसाचा तुकडा, चिकट झालेला प्लॅस्टिकचा पेला. नवखा माणूस एक टोक धरून ओढतो आणि गाठ आणखी आवळते. मला शिकवणारी बाई कधीच ओढत नसे. दोन्ही तळव्यांवर गोळा उचलून हलकेच झटकायची, सुटी झालेली माळ आपोआप खाली ओघळायची, मग पुढची. मोत्याच्या रंगाच्या वेगळ्या, चमकत्या धातूच्या रंगाच्या वेगळ्या, लांब वेगळ्या, जाड मण्यांच्या वेगळ्या. क्र्यूचं पदक असलेली माळ बाजूला, कारण तिला गिऱ्हाईक निराळं. दिवे लागणारी माळ निराळ्या खोक्यात, कारण आत बॅटरी असते. कधीतरी जुनी काचेची माळ निघते. प्लॅस्टिकच्या आधीच्या काळात चेकोस्लोव्हाकियातून तशा माळा यायच्या. ती बाई न बघता, नुसत्या वजनावरून आणि गारव्यावरून काच ओळखायची. चुकीच्या खोक्यात टाकलेली माळ ती काही न बोलता उचलून योग्य खोक्यात ठेवायची आणि आपण बघतोय ना, याची खात्री करून घ्यायची.

परक्या शहरात असं शिकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. आपण इथे शिक्षणाच्या, हुशारीच्या जोरावर आलो. आपल्या अवतीभवती सगळे तसेच. जिच्याविषयी समाज बहुधा ‘हिला मदत लागते’ एवढाच विचार करतो, तिच्याकडून काम शिकण्याची वेळ आपल्यावर येत नाही. इथे येते. तासाभरात गप्पा सुरू होतात : तुझा आवडता क्र्यू कोणता, म्यूझेसचा चमचमता बूट कधी मिळाला का, झुलूचा नारळ मिळाला का. पुढच्या वेळी दारातून आत पाऊल टाकलं की नावाने हाक येते.

दुसरं काम प्रत्यक्ष मिरवणुकीच्या वेळचं. ‘रिसायकल डॅट’ या उपक्रमात मार्गावर ठिकठिकाणी डबे, बाटल्या आणि माळा वेगवेगळ्या गोळा केल्या जातात. त्यात पुढाकार घेणारी ‘ग्राउंड्स क्र्यू’ ही संस्था प्लॅस्टिकऐवजी फेकण्याजोग्या उपयोगी वस्तूही पुरवते : कॉफी, राजमा, जंबालयाचा मसालाभात अशा छोट्या पिशव्या. काचेच्या बाटल्या ‘ग्लास हाफ फुल’कडे जातात आणि दळून त्यांची वाळू होते. लुइझियानाचा किनारा झिजतो आहे, तिथे पुनर्भरणाच्या कामात ही वाळू वापरली जाते. हा उद्योग २०२० मध्ये टुलेन विद्यापीठात शिकणाऱ्या दोघांनी सुरू केला, हे टुलेनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावं.

मार्गावरचं काम टेबलावरच्या कामाहून निराळं. दोन मिरवणुकांच्या मधल्या रिकाम्या वेळात पिशव्या घेऊन कुटुंबाकुटुंबाशी जायचं आणि रिकामे डबे मागायचे. पहिल्यांदा संकोच वाटतो. पण पहाटेपासून जागा धरून बसलेली माणसं बोलायला उत्सुकच असतात. कुठली गं तू, इथे कधीपासून, पदपथाच्या बाजूला उभी राहतेस की न्यूट्रल ग्राउंडच्या, हा प्रश्न तर ठरलेला. या शहरात तो फार गंभीरपणे विचारला जातो, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मी मांसाहार करत नाही म्हटल्यावर एका आजींनी जांभळ्या-हिरव्या-सोनेरी साखरेचा किंग केकचा भला मोठा तुकडा कागदात गुंडाळून दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली. ते कुटुंब आजही माझ्या ओळखीचं आहे.

काही गोष्टी मात्र कडक शब्दांत सांगायला हव्यात.

दोन फ्लोटच्या मधून रस्ता ओलांडायचा नाही, फ्लोटजवळ पडलेली माळ उचलायला वाकायचं नाही. फ्लोट ट्रॅक्टरने ओढतात आणि चालकाला चाकाजवळचा माणूस दिसत नाही. २०२० च्या हंगामात एकाच आठवड्यात दोन मिरवणुकांमध्ये दोन माणसं फ्लोटखाली सापडून गेली. दोन्ही फ्लोट जोडगाडीचे होते आणि त्यानंतर शहराने त्या हंगामापुरते असे जोड-फ्लोट बंद केले. पिशवीभर डबे कमी गोळा झाले तर काही बिघडत नाही.

मिरवणुकीच्या आधी दोन तास रस्ते बंद होऊ लागतात. मार्गाच्या वेढ्यात सापडलेल्या भागाला इथले लोक ‘बॉक्स’ म्हणतात. गाडी त्या वेढ्यात राहिली तर शेवटची मिरवणूक जाईपर्यंत ती बाहेर निघत नाही. सेंट चार्ल्सची स्ट्रीटकारही त्या वेळी बंद असते. तेव्हा सायकल किंवा पाय. फोनचं नेटवर्क कोलमडतं, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. फेब्रुवारीतली रात्र कधी अचानक बोचरी थंड होते. बंद बूट आणि जाड हातमोजे हवेतच. या स्वस्त माळांमध्ये शिसं आढळल्याचं तपासण्यांत दिसलं आहे, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नका.

व्हिसावर असलेल्यांसाठी : स्वयंसेवा ना-नफा संस्थेतली, विनामोबदला आणि एरवीही बिनपगारीच होणारी असावी. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते काम फुकट करून दिलं, तर ते नियमाच्या दृष्टीने नोकरीत मोडू शकतं. माळा निवडण्याच्या कामातही पगारी कामगार असतात, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात एक ईमेल टाकून विचारून घ्या. कुणी ‘स्वयंसेवक’ म्हणून खासगी पार्टीत वाढपी किंवा दारावर उभं राहायला बोलावलं, तर जाऊ नका. ते तुमच्या व्हिसासाठी वाईट, आणि ज्यांचं वर्षाचं गणित या हंगामाच्या कमाईवर बसतं त्यांच्यासाठी त्याहून वाईट. मिरवणुकीच्या मागून झाडू घेऊन येणारे कामगारही पगारी आहेत. त्यांना वाट द्या. रात्रीच्या मिरवणुकीत खांद्यावर जळत्या मशाली घेऊन चालणारे फ्लँबो पूर्वापार कृष्णवर्णीय समाजातले. त्यांना नोटा देण्याची रीत आहे. खिशात सुटे ठेवा आणि मोकळ्या हाताने द्या.

या उत्सवाला दुखरा इतिहासही आहे. जुने क्र्यू गोऱ्या धनिकांचे होते आणि सभासदत्व कुणाला द्यायचं ते बंद दाराआड ठरायचं. १९९१ च्या अखेरीस नगरसेविका डोरथी मे टेलर यांनी भेदभावाविरुद्धचा नियम मांडला तेव्हा शहर ढवळून निघालं. तो पाळण्यापेक्षा कोमस आणि मोमसने रस्त्यावर येणंच सोडलं. कृष्णवर्णीय ‘मास्किंग इंडियन’ (इथे इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी) मंडळी वर्षभर रात्री जागवून मणी आणि पिसांचा पोशाख हाताने शिवतात, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने शिवतात. त्यांच्या वाटेत उभं राहू नका, पोशाखाला हात लावू नका, फोटो विचारून काढा. तुम्ही इथे नवे आहात. कोण कुठे उभं राहतं आणि का, हे समजून घ्यायला वेळ लागतो, तो द्या.

आणि कृपा करून शहराला शहाणपण शिकवायला जाऊ नका. ‘एवढा कचरा कशाला करता’ हे वाक्य इथल्या लोकांनी बाहेरच्यांकडून पुष्कळ ऐकलं आहे. २९ ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळानंतर शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्यानंतरच्या फेब्रुवारीत, अर्धी वस्ती परतली नसतानाही, इथे मार्डी ग्रा झाला आणि त्यावरून देशभर टीका झाली. घरं पडलेली असताना मिरवणूक का काढावीशी वाटली, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते जे सांगतात ते शांतपणे ऐकून घ्या. त्या काळात देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी घरं उपसली, बांधली. त्यांची नावं अजून आदराने घेतली जातात. पडक्या घरासमोर फोटो काढून निघून गेलेलेही शहराच्या लक्षात आहेत.

बदल आतूनच होतो आहे. क्र्यू ऑफ फ्रेरेने २०२५ पासून आपल्या मिरवणुकीत प्लॅस्टिकच्या माळा बंद केल्या. बॅटन रूजला लुइझियाना स्टेट विद्यापीठातले नाओहिरो काटो यांनी सूक्ष्म शैवालापासून विघटन होणारे मणी बनवण्यावर काम केलं आहे. रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकणाऱ्यांनो, हा विषय तुमचा आहे. इथे तुमच्या डोक्याचाही उपयोग आहे, नुसत्या हातांचा नाही. पण आधी हात लावून पाहा, म्हणजे नक्की काय सुटायला हवं आहे ते कळेल.

आता माझी खरी मागणी. मंगळवारी मध्यरात्री पोलीस बर्बन स्ट्रीट रिकामा करतात आणि हंगाम संपतो. बुधवारी सकाळी लोक कपाळाला राख लावून कामावर जातात, आणि स्वयंसेवकांचा ओघ आटतो. नेमकी तेव्हाच माळांची खोकी भरभरून येऊ लागतात. निवडणीचं काम पुढे कित्येक महिने चालतं. उन्हाळ्यात पर्यटक कमी होतात, हॉटेलांत-बारमध्ये राबणाऱ्यांची कमाई घटते आणि अन्नवाटप करणाऱ्यांवर ताण येतो. सेकंड हार्वेस्ट फूड बँकेच्या गोदामात धान्य आणि डबे निवडायला, खोकी भरायला माणसं लागतात. मिरवणुकीच्या दिवशी हौसेने उभे राहणारे शंभर मिळतात. मे महिन्यातल्या एखाद्या दमट शनिवारी दोन तास टेबलाशी बसणारे फार थोडे.

म्हणून हंगामात एकदा या, आणि त्यानंतर महिन्यातून एक सकाळ ठेवा. परीक्षेच्या महिन्यात नाही जमलं तर नाही, कुणी हिशेब मागणार नाही. एकट्याने यायला बिचकत असाल तर गटावर लिहा. माझ्या गाडीत तिघांना जागा असते आणि मेटेरी या उपनगराकडे मी एरवीही जातेच. नाव मात्र संस्थांच्या संकेतस्थळावर ज्याचं त्याने नोंदवायचं. शेवटच्या दोन आठवड्यांतल्या वेळा लवकर भरतात, तेव्हा ते काम याच आठवड्यात उरका. आणि ज्यांनी ऑर्लँडोची तिकिटं आधीच काढून ठेवली आहेत, त्यांनी खुशाल जाऊन यावं. बुधवारनंतर आम्ही टेबलाशी असूच.

तुमची,
याच शहरातली एक मराठी रहिवासी